पदराखालचा कागद

लेकीचा डावा हात माझ्या मांडीवर होता आणि बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडकली होती. दोन-सहाचं माप. हेच माप मी तिला लग्नात भरलं, पहिल्या लेकराच्या सातव्या महिन्यात भरलं, दुसऱ्याच्याही, आणि आता तिसऱ्याचा सातवा चालू होता. साबण लावून पाहिला. मग प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून वरून बांगडी सरकवून पाहिली. भोवती बसलेल्या बायका हसत होत्या. एक म्हणाली, "माहेरचं तूप लागलं वो पोरीले." मी हसले नाही. तिच्या मनगटाच्या वर अंगठा दाबून धरला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

तीस वर्षं मी बायकांचे हात दाबते आहे. आता नागभीडच्या बाजारात माझं दुकान आहे, पण त्याआधी डोक्यावर पेटी घेऊन गावोगाव फिरले. रोवणी करून पांढरे पडलेले हात, तेंदूपत्ता बांधून काळे पडलेले हात, सगळे या मांडीवर आले. हातात हात असला की बाई जे बोलते ते सासूजवळ बोलत नाही. आणि सातव्या महिन्यात हात असा फुगला की पुढे काय होतं, तेही मी दोनदा पाहिलं आहे. दोघींतली एक वाचली.

मी बांगड्या डब्यात परत ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या खेपेला मालच खराब आला. माप बरोबर नाही." स्वतःच्या मालाला स्वतःच्या तोंडानं खराब म्हणायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.

दुसऱ्या दिवशी तिला चंद्रपूरला नेलं. लेक मोहर्लीला दिली आहे. जमाई जंगल फिरवणाऱ्या जिप्सी गाड्या दुरुस्त करतो. हात काळे, बोलणं कमी, नमाज चुकवत नाही. दोन मुली, दोन्ही पोट फाडून झालेल्या. डॉक्टरीणबाईंनी तिचा रक्तदाब दोनदा मोजला, मशीन फिरवून आतलं पाहिलं आणि मला खुर्ची दिली. म्हणाल्या, "हे बाळ आपण ऑपरेशन करून सुखरूप काढू. गोळ्या चालू ठेवा, मीठ बंद, दर आठवड्याला या. पण जुन्या टाक्याची जागा पातळ झाली आहे. चौथ्यांदा दिवस गेले तर ती फाटू शकते, आणि फाटली तर मोहर्लीहून इथं पोचेपर्यंत वेळ मिळणार नाही. याच ऑपरेशनमध्ये नळ्या बंद करून टाकलेलं बरं." हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. मी म्हटलं, मराठीत लिहा. त्यांनी मराठीत लिहिलं.

लेक पलंगावर बसून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या डोक्यात सौदा सुरू झाला होता, कारण पटवायचं गिऱ्हाईक, माझा जमाई, मला माहीत होतं.

जमाईनं कागद पाहण्याआधीच सांगितलं. मी फोनवर नुसतं "ऑपरेशन" म्हटलं तर म्हणाला, "अम्मी, हे पक्कं बंद करणं आपल्यात चालत नाई. मौलानांना विचारल्याशिवाय मी हो म्हणत नाई." आमच्या घरातली बोली अर्धी हिंदी, अर्धी झाडीची, म्हणजे आमच्या भागातली. मी इथे जमेल तितकी झाडीचीच लिहिते.

"विचार की," मी म्हटलं. "मीच येते संगं."

आता ही गोष्ट इथं थांबवून मला माझी सांगावी लागेल, नाहीतर मी पुढे जे केलं ते कोणाला कळणार नाही.

मला तीन मुली. तिसरी झाली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. मला कसला आजार नव्हता. मला फक्त पुरे झालं होतं. शाळेत नसबंदीचं शिबिर लागलं होतं, शेजारच्या कुणबी घरातल्या दोघी जात होत्या, मीही त्यांच्यासोबत गेले. नवऱ्याला सांगितलं होतं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही, सायकल काढून बाहेर गेला. चार दिवसांत मोठ्या जावेला कळलं. मग मोहल्ल्याला कळायला काय लागतं! त्यानंतर ज्या ज्या घरी कुराणखानी झाली, कुराण वाचायला बायका जमल्या, तिथे मला बोलावणं आलं, पण माझ्याशेजारची जागा रिकामी राहिली. कोणी म्हणे हिची नमाज कबूल होत नाही. मी विचारायची, कोणत्या किताबात लिहिलंय, दाखवा. दाखवलं कोणीच नाही.

आठ वर्षांनी नवरा तापानं गेला. जनाजा अजून दारात होता. जाऊ सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "हिनं अल्लाचं दान परत केलं, अल्लानं आपलं दिलेलं परत घेतलं." मी त्या दिवशी रडले नाही. माझं सगळं रडणं तिच्या त्या एका वाक्यानं खाऊन टाकलं. तेव्हापासून त्या घरचं पाणी मी प्यायले नाही. बांगड्यांची पेटी उचलली ती त्याच महिन्यात. तिन्ही मुलींची लग्नं मी केली, एकाही दिराच्या दारात न जाता. जाऊ आता खाटेवर आहे. तिला माणसं ओळखू येत नाहीत म्हणतात. ते वाक्य आता ती परतही घेऊ शकत नाही, आणि माझ्याच्यानं ते टाकवत नाही.

तर जुम्म्याच्या दिवशी, असरच्या नमाजेनंतर, ऊन कलल्यावर, मी आणि जमाई इमामसाहेबांच्या घरी गेलो. आमच्या मशिदीमागे दोन खोल्या. इमाम बाहेरगावचे, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाचे. मला खाला म्हणतात, मावशी. त्यांची बायको आतल्या दारात पडद्यामागे बसली. कागद माझ्या पदराखाली, पोलक्यात खोचलेला होता.

धंद्यातला पहिला नियम असा की आपली गरज आधी दाखवायची नाही. ज्याला तहान लागली आहे असं दिसतं त्याला पाणी महाग मिळतं. मी कागद काढला नाही. पण खरं सांगायचं तर नुसता नियम नव्हता तो. कागद दाखवला असता तर इमामांनी आजारी बाईसाठी वाट काढून दिली असती, आणि ती वाट फक्त माझ्या लेकीच्या कामाची असती. मला मोठी वाट हवी होती. जिच्यावरून मीही जाऊ शकेन अशी. मला त्यांच्या तोंडून सरसकट "चालतं" असं ऐकायचं होतं, आणि ते ऐकून घरी येताना मला मोहल्ल्यातून सावकाश चालायचं होतं.

म्हणून मी विचारलं, "मौलाना साहब, एखाद्या बाईला लेकरं पुरे झाली. तिनं ऑपरेशन केलं तर चालते का नाई?"

त्यांनी आधी जमाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. शांतपणे समजावलं. म्हणाले, दोन लेकरांत अंतर ठेवायला मनाई नाही. नवराबायको दोघं राजी असतील तर काही काळासाठीचे उपाय आहेत, पूर्वीही लोक अज़्ल करत, म्हणजे नवरा वेळेवर दूर होई, त्याला कोणी हराम म्हटलं नाही. पण जे दार अल्लानं ठेवलं ते कायमचं चिणून टाकायचं, तेही खायला कोण घालणार या भीतीनं, हे चालत नाही. रोजी देणारा तो आहे.

"भीतीनं कोण म्हणते? मी म्हणते पुरे झाली."

"पुरे झाली, तरीही खाला."

इथे माझं डोकं फिरलं. "अन् बकऱ्याले खस्सी करता ते? त्याची तं कुर्बानीही चालते, उलट लोकं तोच बकरा शोधतात!"

जमाईनं कपाळावर हात मारला. इमामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांना हसूही आलं. म्हणाले, "खाला, बकऱ्याचा निकाह नसतो. त्याला कोणी राजी आहेस का, असं विचारत नाही."

"तुमाले किती लेकरं?"

"चार."

पडद्यामागून बायकोचा आवाज आला, हळू. "पाच होते."

इमामांनी टोपी काढली, परत घातली. तिथे, त्या क्षणी, मी कागद काढायला हवा होता. त्या खोलीत तेव्हा एक वाट उघडी होती आणि ती मला दिसली होती. पण मी रागात होते. मी हरले होते, आणि हरल्यावर मी दुकानातही हातातला माल आपटूनच ठेवते. उठले, चपला घातल्या, बाहेर आले.

फाटकापाशी जमाई म्हणाला, "ऐकलं ना, अम्मी? नाई म्हणजे नाई."

तेव्हा मी कागद काढला. शेवटचं पान म्हणून, विजयी तोंडानं. त्यानं तो तिथेच उभं राहून वाचला. त्याला वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात. वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला अपेक्षा होती तसं पाहिलं नाही.

"हा आत तुमच्याजवळ होता?"

"होता."

"मंग आत काऊन नाई काढला?"

मी काहीतरी बोलले, वेळ आली नाही वगैरे.

"मौलानांसमोर काढला असता तं आताच फैसला झाला असता," तो म्हणाला. "तुमाले माझ्या बायकोचं विचारायचंच नव्हतं. तुमाले तुमचं माफ करून घ्यायचं होतं. आता हा कागद खरा का तुम्ही लिहून आणलेला, हे मी कसं समजू? माल खराब आला असं खोटं तुम्हीच बोल्ल्या होत्या ना सगळ्यांसमोर?"

तीस वर्षांत कोणी मला इतक्या कमी शब्दांत उघडं पाडलं नव्हतं. मी त्याला नको ते बोलले. त्याच्या काळ्या हातांवरून बोलले, त्याच्या आईवरून बोलले. तो मोटारसायकल सुरू करून निघाला. जाताना म्हणाला, मौलानांकडे परत जाणार नाही, आवडतं उत्तर मिळेपर्यंत एकच सवाल पुन्हापुन्हा विचारायचा नसतो.

महिना गेला. लेकीला मी नागभीडलाच ठेवून घेतलं, नाती तिच्या सासूजवळ राहिल्या. सकाळी उठले की आधी तिच्या पावलावर अंगठा दाबायची. खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते मनातल्या मनात मोजायची. कधी दहापर्यंत, कधी वीस. दर आठवड्याला रक्तदाबाचा आकडा थोडा वर. जमाई दर दोन दिवसांनी यायचा, ओसरीवर बसायचा, तिच्याशी बोलायचा, माझ्या हातचा चहा घ्यायचा पण माझ्याकडे न बघता. एकदा मी आत असताना त्यानं तिला विचारलेलं ऐकलं, "तुले भेव वाटते का?" ती म्हणाली, "वाटते." पुढचं ऐकू आलं नाही.

एका आठवड्यात आकडा असा वर गेला की डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनची तारीख अलीकडे ओढली. हातात पाच दिवस होते. मी दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि एकटीच इमामांच्या घरी गेले.

कागद आधी ठेवला. मग सगळं सांगितलं, हाताच्या सुजेपासून. शिबिराचंही सांगितलं. जावेचंही. सौद्यात असं कोणी करत नाही. सगळी पेटी एकदम उघडायची आणि म्हणायचं, घ्या, भाव तुम्हीच लावा.

इमामांनी कागद पूर्ण वाचला. मग मला रागावले. वयानं लहान असूनही रागावले. "खाला, तुम्ही मरीज घरी लपवून माझ्याकडे दवा मागायला आला होतात. मी काय देणार होतो?"

मी मान खाली घातली. आयुष्यात फार कमी वेळा घातली आहे.

त्यांनी मला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितला, आवाज मोठा करून. स्वतः विचारलं, धोका खरोखर जिवाचा आहे का, आणि कायमचं बंद न करता दुसऱ्या कशानं भागतं का. बाई म्हणाल्या, धोका जिवाचा आहे. ऑपरेशनच्याच वेळी आत तांबी बसवता येते, ती पुष्कळ वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. ती सहसा चुकत नाही, पण कधीच चुकत नाही असं मी लिहून देणार नाही. ही माझी बहीण असती तर मी बंद करा म्हटलं असतं.

फोन ठेवल्यावर इमाम म्हणाले, "जीव वाचवायचा असेल आणि जाणकार डॉक्टर खात्रीनं सांगत असेल, तर बंद करायलाही गुंजाइश आहे, मुभा आहे. तांबीनं भागत असेल तर ती आधी. मी तुमच्या जमाईशी आजच बोलतो." मग थांबून म्हणाले, "आणि बेटी काय म्हणते?"

"तिले काय विचारायचं? जीव वाचते तं ती नाई थोडीच म्हणणार!"

"खाला, त्या दिवशी तुम्ही बकऱ्याचं बोललात." ते हसत नव्हते. "बायकोच्या मर्जीशिवाय नवऱ्याला साधा अज़्लही करायला आमच्यात मनाई सांगितली आहे. हे तर तिचं सगळं शरीर."

निघताना दारात मी वळले. "अन् माझं? माझ्या जिवाले तं काही झालं नव्हतं."

ते म्हणाले, "तौबाचं दार उघडं आहे."

मी सलाम केला आणि आले. तौबा मी अजून केलेली नाही, अल्लाची माफी मागितलेली नाही. नमाजेत बसते, हात पसरते, शब्द ओठावर येतात, आणि तेवढ्यात दारातला जनाजा दिसतो आणि जावेचं ते वाक्य ऐकू येतं. माझ्याकडून माफी मागवायची तर आधी तिच्याकडून कोण मागवणार? हे अल्लाशी घासाघीस करणं आहे, मला कळतं. सुटत नाही.

घरी आले तर जमाई आधीच येऊन बसला होता. इमामांचा फोन त्याला गेला होता आणि तांबीचंही त्यानं लेकीला सांगितलं होतं. त्या भांडणानंतर पहिल्यांदा तो माझ्याकडे पाहून बोलला, "अम्मी, बंद करायचं तं करू. मी सही करतो." माझ्या छातीवरून धानाचं पोतं उतरलं. मी लेकीच्या पलंगापाशी गेले. पाय उशीवर ठेवून ती पडली होती.

"ऐकलं? झालं सगळं. मौलाना राजी, तुया नवरा राजी."

"अन् मी?"

"तुलेच विचारायले आली."

"पह्यल्यांदा विचारून राह्यली, अम्मी." ती हसली, पण चेहरा सुजलेला असल्यामुळे ते हसू नीट उमटलं नाही. "मले तांबी पाहिजे. बंद नाई करायचं."

मला वाटलं ती नवऱ्याच्या भीतीनं बोलते. जमाईही उठून उभा राहिला, म्हणाला, "अगं, मी हो म्हटलं आहे." ती म्हणाली, "मले समजलं ते."

मी ओरडले. इतकी ओरडले की शेजारची दारात आली. चौथ्यांदा राहिलं तर काय, फाटलं तर काय, मोहर्लीचा रस्ता माहीत आहे का, दोन पोरी कोण सांभाळेल? तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दर सहा महिन्याले तपासून घेईन. मी काही येडी नाई. पण तू बंद केलं अन् त्या दिवसापासून साऱ्या दुनियेशी भांडून राह्यली. आमी तिघी त्या भांडणातच मोठ्या झालो. कोणी घरी आलं का तू आधी तेच काढाची. मले ते भांडण माह्या घरात नाई पाहिजे. मौलाना हो म्हणो का नाई म्हणो, लोकं बोलतीनच. मले कोणी बोललं तं मले सांगता आलं पाहिजे का दार अजून माह्या हातात आहे."

"जिवापेक्षा लोकं मोठे झाले तुले?"

"लोकं नाई, अम्मी. तू."

जमाई बाहेर गेला. सायकल नव्हती त्याच्याकडे, मोटारसायकल होती, पण ती काढली नाही. ओसरीवरच उभा राहिला. तेवढं मात्र मी पाहिलं.

पाचव्या दिवशी ऑपरेशन झालं. मुलगा झाला. रक्त बरंच गेलं, दोन बाटल्या द्याव्या लागल्या, त्यातली एक जमाईची. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मास्क काढला, म्हणाल्या, "तांबी बसवली. जागा मी म्हटलं होतं त्याहूनही पातळ निघाली." एवढं बोलून माझ्याकडे पाहत थांबल्या, जणू मी काही बोलेन.

चाळीस दिवस झाल्यावर ती न्हाली आणि मी डबा काढून तिच्यासमोर बसले. हात पुन्हा तिचा झाला होता. दोन-सहा सरळ गेल्या, साबण लागला नाही. आम्ही बांगड्यावाल्या शेवटी एक बांगडी वरून भरतो, तिचे पैसे घेत नाही. ती लेकराच्या नावाची, येणाऱ्या लेकराच्या. प्रत्येक बाईला भरते, जुन्या गिऱ्हाइकाला, भांडखोर गिऱ्हाइकालाही. ती बांगडी मी उचलली आणि परत डब्यात ठेवली.

"ती काऊन ठेवली?" लेकीनं विचारलं.

"तडा आहे तिले."

तिनं डब्यातून बांगडी उचलली, दाराकडे धरून उजेडात फिरवून पाहिली. कुठेच तडा नव्हता. मग तिनं ती स्वतःच चढवली, अंगठा दुमडून, मी शिकवलं होतं तसं.

तपासणीची तारीख मी डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूनं लिहून ठेवली आहे. डबा दिवसातून चाळीस वेळा उघडतो. पुढच्या तपासणीला ती जाईल, नवरा नेईल, हे मला माहीत आहे. तरी ती माहेरी आली की मी नवीन माल दाखवते म्हणून तिचा हात मांडीवर घेते आणि मनगटाच्या वर अंगठा दाबते. ती ओळखते. एकदा म्हणाली, "माप तं माहीत आहे ना तुले?" पण हात तिनं ओढून घेतला नाही, आणि मी अंगठा उचलून खाली पाहत राहिले, कातडी परत वर येईपर्यंत.